इंग्लंडमधील जिप्सी व ट्रॅव्हलर कुटुंबांची ग्रामीण वस्तीस्थळे आणि स्थानिक नियोजन-निर्णय : एक ऐतिहासिक अभ्यास (१९४७ ते २०२४)

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये शेतजमिनीचा तुकडा कोणीही विकत घेऊ शकतो. परंतु त्या तुकड्यावर कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचे घर, उभी करून त्यात संसार थाटायचा असेल तर स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते. जमिनीची मालकी आणि जमिनीवर राहण्याचा अधिकार यांतील हा भेद वरकरणी तांत्रिक आहे. तथापि इंग्लंडमधील जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास प्रामुख्याने याच भेदातून घडला आहे. युद्ध, दुष्काळ वा धार्मिक छळ यांची नाट्यमयता त्यात नाही. अर्ज, हरकतपत्रे, समितीची सभा, निरीक्षकाचा अहवाल आणि नोटीस अशा कोरड्या कागदांचा हा इतिहास आहे. या कागदांनी किती कुटुंबांचे बिऱ्हाड उठवले, हे मात्र त्या कागदांवरून सहजासहजी लक्षात येत नाही.

प्रस्तुत लेखात संसदीय कायदे, शासकीय परिपत्रके आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे. ग्रामीण भागात कॅरॅव्हान कोठे उभी राहावी हा निर्णय कोणी घ्यायचा, आणि तो घेताना 'जिप्सी' कोणाला म्हणायचे, हे दोन प्रश्न या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहेत.

या समाजांविषयी मराठी वाचकाला अगदीच परकेपणा वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील रोमानी जिप्सींच्या भाषेचे मूळ भारतीय आर्य भाषांत आहे, ही गोष्ट भाषाशास्त्राने अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिली. पाण्याला 'पानी', केसांना 'बाल', दोनला 'दुई' आणि माणसाला 'मानुश' म्हणणारे हे लोक सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये पोहोचले. ते इजिप्तमधून आले या गैरसमजातून त्यांना 'इजिप्शियन' आणि पुढे 'जिप्सी' हे नाव मिळाले. आयरिश ट्रॅव्हलर हा वेगळा समाज आहे. त्याचे मूळ आयर्लंडमध्ये असून त्याची स्वतःची बोली आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर या समाजातील अनेक कुटुंबे इंग्लंडमध्ये आली. नियोजनाच्या कायद्याने मात्र या दोहोंना बहुधा एकाच मापाने मोजले.

पार्श्वभूमी

१५३० साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत 'इजिप्शियन' लोकांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदा झाला. १५५४ च्या कायद्याने देश न सोडणाऱ्यांसाठी देहदंडापर्यंत मजल मारली. काळाच्या ओघात हे कायदे निष्प्रभ होऊन रद्द झाले. परंतु १८२४ चा भटकेगिरीविषयक कायदा आणि १८३५ चा महामार्ग कायदा यांनी रस्त्याकडेला पाल टाकणे दंडनीय ठरवले. येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. याच ब्रिटिश सत्तेने भारतात १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आणला, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी भटक्या जमातींना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत डांबले. मायदेशी तिने याच्या उलट मार्ग धरला. तेथे भटक्यांना कोंडले नाही. पण कोठे टेकूही दिले नाही.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबण्याच्या जागा होत्या. केंटमध्ये हॉप्सची तोडणी, अन्यत्र वाटाणा, स्ट्रॉबेरी, बटाटा अशा हंगामी कामांसाठी शेतकऱ्यांना मजूर हवे असत. जिप्सी कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच शेतावर, त्याच बांधावर येऊन राहत. गावालगतची सामाईक कुरणे होती, रस्त्यांच्या रुंद कडा होत्या, गुरे हाकण्याच्या जुन्या वाटा होत्या. १९५० नंतरच्या दशकात शेतीत यंत्रे आली, घोड्याची जागा मोटारीने घेतली आणि कुटुंबे भंगार, डांबरीकरण, झाडतोड अशा व्यवसायांकडे वळली. हंगामी मजुराची गरज सरताच शेतकऱ्याच्या बांधावरचा आसराही सरला.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जमिनीच्या वापरातील प्रत्येक महत्त्वाच्या बदलास परवानगी आवश्यक केली. कॅरॅव्हानच्या बाबतीत तो पुरेसा पडत नाही अशी तक्रार होती. महायुद्धोत्तर घरटंचाईत हजारो बिगरजिप्सी कुटुंबेही कॅरॅव्हानमध्ये राहू लागली होती. त्यातून १९६० चा कॅरॅव्हान स्थळे व विकास नियंत्रण कायदा आला. या कायद्यान्वये नियोजन परवानगीखेरीज स्थळाचा परवानाही अनिवार्य झाला. हंगामी शेतमजुरांसाठी सवलत ठेवलेली होती, पण शेतमजुरीच आटत चालल्याने ती कागदावर राहिली. कलम २३ नुसार ग्रामीण जिल्हा कौन्सिलांना सामाईक कुरणांवर कॅरॅव्हान उभी करण्यास मनाई करता येऊ लागली. कलम २४ नुसार कौन्सिलांना स्वतः स्थळे बांधता येणार होती. मनाईचा अधिकार अनेकांनी तत्परतेने वापरला. बांधण्याचा अधिकार मोजक्यांनीच. कायद्याने दोन्ही गोष्टी ऐच्छिक ठेवल्या होत्या, आणि मतदार कोणत्या बाजूला आहे हे कौन्सिलांना ठाऊक होते.

याचा परिणाम लवकरच दिसला. जानेवारी १९६२ मध्ये केंटमधील डॅरेंथ वुड्स येथून हुसकावलेली जिप्सी कुटुंबे ए-२ या हमरस्त्याच्या कडेला येऊन राहिली. मजूर पक्षाचे खासदार नॉर्मन डॉड्स यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. १९६५ च्या मार्चमध्ये शासनाने इंग्लंड व वेल्समधील भटक्यांची पहिली गणना केली. तीत सुमारे १५ हजार लोकांची नोंद झाली. बहुसंख्य थांब्यांवर नळाचे पाणीही नव्हते. १९६६ च्या अखेरीस केंटमधील एका मद्यगृहात जिप्सी कौन्सिलची स्थापना झाली.

१९६८ चा कायदा : कर्तव्य आणि त्याची किंमत

लिबरल पक्षाचे ऑर्पिंग्टनचे खासदार एरिक लबक यांनी खाजगी विधेयक म्हणून मांडलेला कॅरॅव्हान स्थळे कायदा १९६८ मध्ये संमत झाला. त्याचा जिप्सींविषयीचा भाग १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. कलम ६ ने काउंटी कौन्सिले व लंडनमधील बरो यांच्यावर आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या वा येणाऱ्या जिप्सींसाठी पुरेशी स्थळे पुरवण्याचे कर्तव्य टाकले. इंग्लंडच्या इतिहासात शासनसंस्थेने जिप्सींना हाकलण्याऐवजी जागा द्यावी, असे प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

परंतु या कर्तव्याबरोबर एक सौदाही होता. ज्या क्षेत्राने पुरेशी सोय केली, त्याला मंत्र्यांकडून 'नियुक्त क्षेत्र' म्हणून दर्जा मिळे. अशा क्षेत्रात स्थळाबाहेर कॅरॅव्हान उभी करणे हा केवळ जिप्सींसाठी फौजदारी गुन्हा ठरे. शिवाय लंडनच्या बरोंना पंधरा कॅरॅव्हानपुरतीच सोय केली की कर्तव्य पुरे झाले असे मानले जाई. सोळावे कुटुंब आले तर ते गुन्हेगार.

कर्तव्य होते, पण मुदत नव्हती. मंत्र्यांना निर्देश देण्याचा अधिकार कलम ९ मध्ये होता. तो क्वचित वापरला गेला. सर जॉन क्रिप्स यांच्या १९७७ च्या अहवालाने या कूर्मगतीवर बोट ठेवले. बांधलेल्या स्थळांची ठिकाणे हा अहवालातील सर्वांत बोलका भाग आहे. कचरा डेपो, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, रेल्वेमार्ग, द्रुतगती मार्ग यांच्या लगत, म्हणजे अन्य कोणाही नागरिकासाठी जेथे घर बांधण्यास परवानगी मिळाली नसती अशा जागी, ती उभी राहिली होती. स्थळ कोठे असावे हा निर्णय काउंटीचा, हरकती घेणारी जिल्हा कौन्सिल, आणि गावकऱ्यांच्या सभा दोघींच्या डोक्यावर. या रस्सीखेचीत जी जागा कोणालाच नको होती तीच शेवटी उरे. 'गावकुसाबाहेर' हा शब्द मराठीत ज्या अर्थाने वापरला जातो, त्याचा इतका तंतोतंत प्रत्यय देणारे उदाहरण युरोपच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

१९८० च्या कायद्याने स्थळबांधणीच्या भांडवली खर्चासाठी केंद्राकडून शंभर टक्के अनुदान सुरू झाले आणि कामाला काहीशी गती आली. न्यायालयांनीही कौन्सिलांना कर्तव्याची आठवण करून दिली. वेस्ट ग्लॅमॉर्गन काउंटी कौन्सिल विरुद्ध रॅफर्टी या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरवले, की स्वतः वर्षानुवर्षे कर्तव्य न बजावणाऱ्या कौन्सिलला पर्यायी जागा न देता कुटुंबांना हुसकावण्याचा निर्णय वाजवी म्हणता येणार नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक सार्वजनिक स्थळे उभी राहिली. ही संख्या गरजेच्या मानाने अपुरी होती हे खरे; पण आजही इंग्लंडमध्ये जी सार्वजनिक स्थळे आहेत, त्यांतील बहुतेक याच पाव शतकातील आहेत. १९६८ च्या कायद्याला सरसकट अपयशी ठरवणारे मत म्हणूनच स्वीकारता येत नाही. तो कायदा सावकाश चालत होता. त्याला अपयशी ठरवून रद्द केल्यानंतर जे आले ते चाललेच नाही.

१९९४ : स्वतःची जमीन घ्या, परवानगी मागा

जानेवारी १९९४ मध्ये पर्यावरण विभागाने परिपत्रक १/९४ काढले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम ८० ने स्थळे पुरवण्याचे कर्तव्य रद्द केले. अनुदानही संपले. याच कायद्याच्या कलम ६१ व ७७ ने पोलिसांचे व कौन्सिलांचे हुसकावण्याचे अधिकार वाढवले. जिप्सींनी इतर नागरिकांप्रमाणे स्वतः जमीन घ्यावी आणि परवानगी मिळवावी, असा शासनाचा युक्तिवाद होता. समानतेच्या भाषेतील हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष वाटतो. त्यातील अडचण परिपत्रकातच होती. हरितपट्ट्यात जिप्सी स्थळे क्वचित प्रसंगी मान्य होऊ शकतात, ही आधीच्या धोरणातील फट त्याने बुजवली. गावठाणातील घरबांधणीयोग्य जमिनीची किंमत या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर. परवडणारी जमीन म्हणजे गावाबाहेरचा शेताचा तुकडा. आणि तो तुकडा नेमका तेथेच, जेथे निवासाला परवानगी न देणे हेच नियोजनाचे धोरण.

स्थानिक निर्णयाची यंत्रणा कशी चालते ते येथे पाहणे आवश्यक आहे. अर्ज दाखल झाला की शेजाऱ्यांना पत्रे जातात आणि स्थळाजवळ सूचना लावली जाते. हरकती येतात. नियोजन अधिकारी अहवाल लिहून शिफारस करतो. लहानसहान अर्ज अधिकारीच निकाली काढतात; पण जिप्सी स्थळाचा अर्ज सहसा निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे जातो. प्रेक्षकसज्जा भरलेली असते. सभागृहात बसलेले मतदार त्या सदस्याला पुढील मे महिन्यात पुन्हा भेटणार असतात. अर्जदार कुटुंबाचे नाव मतदारयादीत असण्याची शक्यता कमी. फेटाळणीची कारणे मात्र नेहमी भूदृश्याच्या भाषेत लिहिली जातात. 'मोकळेपणास बाधा', 'ग्रामीण स्वरूपाशी विसंगत', 'रस्त्यावरून दृश्यमान' अशी ती कारणे असतात. वंशाचा उल्लेख कायद्याने निषिद्ध आहे, आणि बहुतेक सदस्यांच्या मनातही तो जाणीवपूर्वक नसावा. म्हणूनच हा पूर्वग्रह पुराव्याने सिद्ध करणे अवघड ठरते. फेटाळणीनंतर केंद्राच्या नियोजन निरीक्षकाकडे अपील करता येते. तेथे मतदार नसतात. मुलांचे शिक्षण, आजारपण, पर्यायी जागेचा अभाव यांची नोंद बहुधा प्रथम तेथेच गांभीर्याने घेतली जाते.

निरीक्षकांनी या पेचातून काढलेली एक वाट म्हणजे तात्पुरती व व्यक्तिगत परवानगी. अमुक कुटुंबाला, तीन वा पाच वर्षांपुरती, पुढे कोठे तरी स्थळ उपलब्ध होईल या आशेवर ती मिळते. स्थळ उपलब्ध होत नाही, मुदत संपते, पुन्हा अर्ज, पुन्हा हरकती. पहिलीत गेलेले मूल शाळा सोडण्याच्या वयाला येईतो त्याच्या घराचा निकाल लागलेला नाही, असे या व्यवस्थेत सहज घडू शकते.

विलिंगहॅमचा मेडो ड्रोव्ह

एका प्रकरणाचा तपशील येथे विस्ताराने देणे इष्ट आहे. केंब्रिजशायरमधील विलिंगहॅम या गावाबाहेर मेडो ड्रोव्ह नावाची अरुंद वाट आहे. ड्रोव्ह म्हणजे पूर्वी गुरे हाकून नेण्याची वाट. एका जिप्सी स्त्रीने तेथे १९८८ पासून आपल्या नातलगाच्या व पुढे स्वतःच्या जमिनीवर तीन मुलांसह कॅरॅव्हानमध्ये वास्तव्य केले आणि १९८९ च्या डिसेंबरात परवानगीसाठी अर्ज केला. साउथ केंब्रिजशायर जिल्हा कौन्सिलने मार्च १९९० मध्ये तो फेटाळला. कारणे तीन होती. जिल्ह्यात अन्यत्र जिप्सींसाठी पुरेशी सोय झाली आहे. कॅरॅव्हानमुळे भूदृश्याच्या ग्रामीण व खुल्या स्वरूपास बाधा येते. आणि मेडो ड्रोव्ह ही शेतीची वाट दोन वाहने एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत इतकी अरुंद आहे. निरीक्षकाने १९९१ मध्ये अपील नामंजूर केले. नोटीस न पाळल्याबद्दल दंडही झाला.

यानंतरचा तपशील महत्त्वाचा आहे. १९९२ मध्ये काउंटीने जिप्सींसाठी अधिकृत स्थळ उघडले, तेही त्याच मेडो ड्रोव्हवर, या कुटुंबाच्या जमिनीपासून काही शे मीटर अंतरावर. जी वाट एका कुटुंबाच्या वाहनांना अरुंद होती, ती सरकारी स्थळावरील अनेक कुटुंबांना पुरेशी ठरली. त्या स्त्रीला तेथे जागा देऊ करण्यात आली. त्या स्थळावरील असुरक्षिततेचे कारण देऊन तिने नकार दिला.

बकली विरुद्ध युनायटेड किंगडम हा तिचा खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे गेला. २५ सप्टेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. घराचा आदर राखला जाण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद ८ मध्ये, हस्तक्षेप झाला आहे हे न्यायालयाने मान्य केले. मात्र स्थानिक परिस्थितीची जाण स्थानिक प्राधिकरणांनाच अधिक असते, सबब नियोजनाच्या बाबतीत त्यांना विस्तृत मोकळीक असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा युक्तिवाद तत्त्वतः योग्य आहे. पण प्रश्न ज्या अल्पसंख्य समाजाचा आहे त्याच्याविषयी स्थानिक जाण म्हणजे अनेकदा स्थानिक नापसंती असते, याची दखल बहुमताच्या निकालात पुरेशी दिसत नाही.

पाच वर्षांनी, १८ जानेवारी २००१ रोजी, चॅपमन खटल्यात न्यायालयाच्या महापीठापुढे हाच प्रश्न आला. हर्टफर्डशायरमधील थ्री रिव्हर्स जिल्ह्यातील ही जमीन हरितपट्ट्यात होती, आणि त्या जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र हरितपट्ट्यातच मोडते. निकाल पुन्हा राज्याच्या बाजूने लागला. पण मते आता दहा विरुद्ध सात होती. जिप्सींच्या जीवनपद्धतीला साहाय्यभूत होण्याचे काही एक सकारात्मक दायित्व राज्यावर आहे, हे वाक्य बहुमतानेच लिहिले. पराभूत पक्षाच्या वकिलांनी पुढील वीस वर्षे प्रत्येक अपिलात या वाक्याचा आधार घेतला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही २००३ मध्ये साउथ बक्स विरुद्ध पोर्टर या खटल्यात असे ठरवले, की कौन्सिलने मागितलेला मनाई हुकूम न्यायाधीशाने यांत्रिकपणे देऊ नये. कुटुंबावर येणाऱ्या आपत्तीचा विचार त्याने स्वतः केला पाहिजे.

सुट्टीतला शनिवार

१९९४ नंतर अनेक कुटुंबांनी एक युक्ती अवलंबिली. बँक हॉलिडेला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी, कौन्सिलची कचेरी बंद असताना, विकत घेतलेल्या शेतात खडी टाकून कॅरॅव्हान आणायच्या आणि मंगळवारी सकाळी पूर्वलक्षी परवानगीचा अर्ज द्यायचा. असा अर्ज देणे कायदेशीर होते. परवानगीवाचून जमिनीच्या वापरात बदल करणे हाही स्वतःहून गुन्हा नव्हता. पण शेजारच्या गावाच्या दृष्टीने ही उघड फसवणूक होती, आणि त्यांच्या संतापाला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या घराला सज्जा काढण्यासाठी महिनोन्महिने थांबलेल्या गावकऱ्याला हा अन्याय वाटणे स्वाभाविक होते. केंब्रिजशायरमधील कॉटनहॅम येथे २००३ पासून आणि वेस्ट मिडलंड्समधील मेरिडन येथे २०१० मध्ये असेच संघर्ष झाले. मेरिडनच्या रहिवाशांनी तर स्थळाच्या तोंडाशी छावणी टाकून जवळजवळ तीन वर्षे पहारा दिला. भटक्यांच्या वस्तीला विरोध करण्यासाठी स्थायिकांनी रस्त्याकडेला तळ ठोकावा, यातील विपर्यास तेव्हाच्या वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटला नव्हता.

मार्च २००५ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, हा विषय राष्ट्रीय झाला. 'सन' या वृत्तपत्राने तळांविरुद्ध मोहीम उघडली आणि हुजूर पक्षाचे नेते मायकेल हॉवर्ड यांनी ट्रॅव्हलरांचा प्रश्न प्रचारात आणला. मजूर सरकार याच काळात वेगळ्या दिशेने जात होते. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने प्रत्येक कौन्सिलला या समाजांच्या निवासगरजेचे मोजमाप करणे भाग पाडले. परिपत्रक ०१/२००६ ने प्रादेशिक आराखड्यांतून प्रत्येक जिल्ह्याचा वाटा ठरवण्याची व तेवढी जमीन विकास आराखड्यात राखून ठेवण्याची पद्धत आणली. जिल्ह्याच्या वरच्या पातळीवर आकडा ठरवायचा आणि जागा जिल्ह्याने दाखवायची, ही रचना आशादायक होती. आराखडे पुरे होईपर्यंत सरकार बदलले. २०११ च्या स्थानिकता कायद्याने प्रादेशिक आराखड्यांची तरतूद मोडीत काढली आणि आकडा पुन्हा जिल्ह्याच्या हाती गेला.

एसेक्समधील डेल फार्मची हकिकत सर्वज्ञात आहे. क्रेज हिल या गावाजवळ हरितपट्ट्यात, पूर्वीच्या भंगारवाड्याच्या जागेवर व लगत, आयरिश ट्रॅव्हलरांची मोठी वस्ती होती. निम्म्या भागाला परवानगी होती, निम्म्याला नव्हती. २००३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी दोन वर्षांची मुदत दिली. त्यानंतर बॅसिलडन कौन्सिल व रहिवासी यांच्यात दीर्घ काळ खटले चालले आणि १९ ऑक्टोबर २०११ रोजी पोलिसांनी वस्तीत प्रवेश केला. सुमारे ८० कुटुंबे विस्थापित झाली. कौन्सिल व पोलिस यांचा मिळून खर्च सुमारे ७० लाख पौंड झाला. हुसकावलेल्यांपैकी अनेकजण दीर्घकाळ शेजारच्या खाजगी रस्त्याच्या कडेलाच राहिले. एवढ्या रकमेत किती अधिकृत जागा तयार झाल्या असत्या, हा प्रश्न कौन्सिलच्या अंदाजपत्रकात कोठेच येत नाही. कारण हुसकावणे हे वैधानिक काम आहे आणि जागा देणे तसे राहिलेले नाही.

जिप्सी कोण?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. १९६७ मध्ये मिल्स विरुद्ध कूपर या खटल्यात न्यायालयाने महामार्ग कायद्यातील 'जिप्सी' या शब्दाचा अर्थ वंशाने नव्हे तर भटक्या जीवनपद्धतीने ठरवला. १९६८ च्या कायद्याने तीच व्याख्या घेतली : वंश वा मूळ कोणतेही असो, भटक्या सवयीची माणसे. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने वंशसंबंध कायद्याच्या संदर्भात जिप्सी हा वांशिक समूह असल्याचे मान्य केले. लंडनमधील एका मद्यगृहाने लावलेल्या 'ट्रॅव्हलरांना मज्जाव' या पाटीवरून तो खटला उद्भवला होता. आयरिश ट्रॅव्हलरांना अशी मान्यता २००० मध्ये मिळाली. म्हणजे भेदभावाच्या कायद्यात जिप्सी जन्माने ठरतो आणि नियोजनाच्या कायद्यात प्रवासाने. एकाच माणसाची ही दोन मापे आजतागायत पूर्णपणे जुळलेली नाहीत.

नियोजनातील माप उत्तरोत्तर काटेकोर होत गेले. १९९४ मध्ये साउथ हॅम्स प्रकरणी अपील न्यायालयाने प्रवासाचा संबंध उपजीविकेशी असला पाहिजे असे म्हटले. २००३ च्या रेक्सहॅम प्रकरणात आजारपणामुळे प्रवास थांबलेला माणूस नियोजनापुरता जिप्सी राहत नाही असा निर्णय झाला. २००६ च्या परिपत्रकाने आजार, वार्धक्य वा मुलांचे शिक्षण यांमुळे तात्पुरते किंवा कायमचे थांबलेल्यांना पुन्हा व्याख्येत घेतले. ऑगस्ट २०१५ च्या धोरणाने 'कायमचे' हा शब्द गाळला. एका शब्दाच्या लोपाने वृद्ध, अपंग आणि त्यांची शुश्रूषा करणारे व्याख्येबाहेर गेले. कौन्सिलांनी नेमलेले सल्लागार घरोघर विचारू लागले : वर्षातून किती महिने फिरता, कोणत्या कामासाठी, कमाई किती? जूनमधील ॲपलबीच्या घोडेबाजारास जाणे पुरेसे नव्हते. तेथे घोडा विकला असेल तर गोष्ट वेगळी. उत्तरे समाधानकारक नसतील तर त्या कुटुंबाची गरज गणनेतून वजा होई आणि जिल्ह्याची तूट कागदावर भरून निघे.

यातील अंतर्विरोध मूलगामी आहे. मुलांना शाळेत घालावे, डॉक्टर गाठावा, स्थिर पत्ता असावा, म्हणून जागा मागायची. आणि ती मिळण्यासाठी आपण स्थिर नाही हे सिद्ध करायचे. २०११ च्या जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' हा रकाना प्रथमच आला. इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ५८ हजार जणांनी त्यात नोंद केली, आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश विटामातीच्या घरांत राहत होते. ते सारे स्वेच्छेने घरांत गेले असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

न्यायालयांनी या काळात केंद्रालाही फटकारले. २०१३ पासून हरितपट्ट्यातील ट्रॅव्हलर स्थळांची अपिले निरीक्षकांकडून काढून मंत्री एरिक पिकल्स स्वतःकडे घेत होते. जानेवारी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ही पद्धत समता कायद्याचा भंग करणारा भेदभाव ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी स्मिथ खटल्यात अपील न्यायालयाने २०१५ ची व्याख्याही भेदभावपूर्ण असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये जुनी व्याख्या परत आली. डिसेंबर २०२४ च्या सुधारित धोरणाने भटकेपणाची किंवा कॅरॅव्हानमध्ये राहण्याची सांस्कृतिक परंपरा असणाऱ्या सर्वांना तीत समाविष्ट केले. दरम्यान २०२२ च्या पोलिसविषयक कायद्याने परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनासह मुक्काम करणे काही परिस्थितीत फौजदारी गुन्हा केला होता. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे घोषित केले.

व्याख्या रुंदावली, परंतु १९९४ मध्ये काढून टाकलेले कर्तव्य इंग्लंडमध्ये परत आलेले नाही. वेल्समध्ये परिस्थिती निराळी आहे. तेथील विधिमंडळाने २०१४ च्या गृहनिर्माण कायद्याच्या तिसऱ्या भागात असे लिहिले, की निवासगरजेच्या मोजमापात जेवढी तूट आढळेल तेवढ्या जागा पुरवणे कौन्सिलवर बंधनकारक आहे, आणि ते न केल्यास मंत्री तसा निर्देश देऊ शकतात. ही तरतूद २०१६ पासून अमलात आहे. सीमेच्या अलीकडील श्रॉपशायरमध्ये आणि पलीकडील पोविसमध्ये शेते, कुरणे आणि वाटा सारख्याच आहेत. पोविसमध्ये जागेअभावी थांबलेल्या कुटुंबाला कौन्सिलकडे बोट दाखवता येते. श्रॉपशायरमधील कुटुंबाला पुढल्या अर्जाची फी भरावी लागते.